कसब्यातली फियाट

पुण्याच्या पेठांमध्ये कसबा ही वडीलधारी पेठ. वारांची नावे घेतलेल्या सगळ्या पेठा तिच्या पाठच्या. परगावचा पाहुणा आला की आपण त्याला कसबा गणपतीला नेतो, शेजारचा लाल महाल दाखवतो, चार पावलांवर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे उभा करतो आणि कसबा दाखवून झाला म्हणून बाकरवडी घ्यायला निघतो. पाहुणाही खूष होतो. पण वाचकहो, खरा कसबा या ठिकाणांच्या पाठीमागे आहे. तो पाहायचा तर आळ्यांत शिरायला हवे, आणि डोळ्यांइतकेच कानही उघडे ठेवायला हवेत.

तांबट आळी, शिंपी आळी, भोई आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा. ही नावे कुणा पुढाऱ्याची नव्हेत, धंद्यांची आहेत. कसबा म्हणजे गाव आणि कसब म्हणजे हातातली करामत. दोन्ही शब्द अरबीतून आले, पण त्यांची मुळे वेगळी, असे भाषेचे जाणकार सांगतात. असतील बापडी वेगळी! या पेठेत मात्र दोन्ही शब्द पिढ्यान् पिढ्या एकाच छपराखाली नांदले आहेत. मोडलेले पुन्हा उभे करणे हाही इथला जुनाच धंदा म्हणायचा. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे बेचिराख करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला असे सांगतात. पुढे जिजाबाई बाळ शिवाजीला घेऊन इथे आल्या आणि गाव पुन्हा वसले. ज्या लाल महालात १६६३ साली महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला, तो मूळ महालही काळाने गिळला. आज आपण पाहतो तो गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात नव्याने बांधलेला.

अशा या पेठेत मी २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास गेलो होतो, ते देवदर्शनाला नव्हे, एक जुनी मोटार पाहायला. मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८५ सालची. कागदोपत्री नाव पद्मिनी असले तरी आळीत तिला सगळे फियाटच म्हणतात. चाळीस वर्षे ती एकाच घरात आहे, आणि विशेष म्हणजे अजून धावते आहे. एखादी मोटार चाळीस वर्षे कशी टिकते, हे मला पाहायचे होते. ते पाहताना कसबाही थोडा अधिक कळला, म्हणून हा लेख.

२०२४ च्या सप्टेंबरात कसबा पेठ याच नावाचे भुयारी मेट्रोचे स्टेशन सुरू झाले. त्यातून वर आलो आणि फडके हौदावरून तांबट आळीच्या दिशेने चालू लागलो. जमिनीखालून सरकत्या जिन्याने वर यावे आणि दहा मिनिटांत तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज ऐकावा, ही गंमत पुण्यातच. पूर्वी या आळीत शेकडो हातोड्या एकदम चालत आणि नवख्याला बोलणे ऐकू येत नसे, असे जुनी माणसे सांगतात. आता हातोड्या थोड्या उरल्या आहेत. पण जिथे चालतात तिथे त्यांचा ठेका तोच आहे.

माझे स्नेही शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सारी आळी त्यांना सर म्हणते, तेव्हा आपणही सरच म्हणू. त्यांच्या वाड्याचा निम्मा भाग कधीच उतरवला गेला. उरलेल्या निम्म्यात दोन बिऱ्हाडे, एक तुळस आणि चौकात ही मोटार. तिची रुंदी दीड मीटरहून थोडी कमी आणि लांबी चार मीटरच्या आत. दरवाज्यातून आत घेताना दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहते. मागे एकदा सरांच्या मुलाने बाणेरहून आपली नवी उंच गाडी आणली होती. ती दरवाज्याशीच अडली आणि शेवटी फडके हौदापाशी उभी करावी लागली. सर मला हे सांगत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही लपत नव्हता.

या मोटारीचे कुळ आपल्याच मातीतले आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांच्या कंपनीने भोर घाटातले रेल्वेचे बोगदे खोदले, त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट अकराशे आली. तिची गोल पाठ पाहून आपल्या लोकांनी तिला लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. साठीच्या दशकात चौकोनी अंगाची अकराशे ‘डी’ आली, तीच १९७२ नंतर काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. इंजिन तेच, १०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे. एका जमान्यात ती मिळवायला पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मोटारीचा नंबर आधी लागतो की मुलीचे लग्न आधी ठरते, अशी पैज मध्यमवर्गीय घरांत खुशाल लागावी! १९८३ च्या डिसेंबरात मारुती आठशे आली आणि फियाटचा मान उतरत गेला. तरी ती २००० सालाच्या सुमारापर्यंत बनत राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात तीही उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी एखाद्या नटाला द्यावा तसा तिला निरोप दिला.

सरांच्या घरी मात्र निरोपाची भाषा नव्हती. मी पोचलो तेव्हा बॉनेट उघडे होते आणि मिस्त्री आत वाकले होते. मिस्त्रींचे वय अडुसष्ट. सरांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

“मिस्त्री, आज टिक्‌टिक् जरा जास्त वाटते का हो?” सरांनी विचारले.

“टॅपेट आहे, सर. वाजू द्या. वाजतेय तोवर बरं आहे. अगदी मुकी झाली तर मला बोलवा.”

मला हे उलटे वाटले. मग मिस्त्रींनी समजावून सांगितले. इंजिनातली झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, आणि तिला दाबणारा दांडा यांच्यात केसासारखी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. फट जास्त झाली तर टिक्‌टिक् होते, एवढेच. पण फट नाहीशी झाली तर आवाज बंद होतो आणि झडप नीट मिटत नाही. मग जळता वायू तिच्या कडेवरून निसटत राहतो आणि झडप जळते. म्हणजे आवाज थांबला म्हणून मालक खूष आणि आत नुकसान चालू! घरातल्या गप्प बसलेल्या माणसाबद्दलही हेच म्हणता येईल, असे वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. सरांनी ते ऐकले नाही, किंवा तसे दाखवले.

या गाडीची सारी निगा अशी आहे. तिला लागते थोडे लक्ष आणि थोडी हत्यारे. प्लगला ठिणगी पुरवणारे पॉइंट काळे पडतात. ते बारीक पॉलिश पेपरने घासायचे आणि त्यांच्यातली फट पातळ पत्रीच्या मापाने लावायची. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला की गाडी आचके देते. जेट काढून फुंकर मारली की झाले. पुढच्या चाकांच्या सांध्यांना दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस भरायचे. ते राहिले तर स्टिअरिंग जड होते आणि सांधे झिजतात. चारही चाकांचे ब्रेक ड्रमचे, तेलावर चालणारे. ते तेल हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून दोन वर्षांनी बदलायचे आणि त्याच वेळी चाकांतल्या ब्रेक सिलिंडरांची रबरे पाहून घ्यायची. ब्रेकच्या बाबतीत मात्र मिस्त्री ‘चालतंय तोवर चालू द्या’ कधीच म्हणत नाहीत.

गिअरची कथा तर प्रसिद्ध आहे. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे जातात. सांध्यांतले बूश झिजले की सळ्या एकमेकींत अडकतात आणि गाडी भर चौकात पहिल्या गिअरला धरून बसते. तेव्हा उतरायचे, बॉनेट उघडायचे, सळ्यांना हाताने जागेवर बसवायचे आणि मागच्यांच्या शिव्या ऐकत पुन्हा बसायचे. वहिनींना हे येते. मंडईसमोर साडीचा पदर खोचून त्यांनी गिअर सोडवला होता, ही हकीकत आळीत अजून सांगतात. ‘त्यात काय मोठं, कुकरची शिट्टी बसवण्यासारखंच ते,’ असे वहिनी म्हणतात.

घाटाचा अनुभव त्या काळच्या पुष्कळ कुटुंबांना आहे. उन्हाळ्यात खंडाळ्याचा चढ चढताना इंजिन तापते, पेट्रोलच्या पंपात वाफ धरते आणि गाडी बंद पडते. मग पंपावर ओले फडके टाकायचे, मुलांना उतरवून आवळा सुपारी द्यायची आणि पंधरा मिनिटे डोंगर पाहायचा. ओल्या फडक्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि पंप ते ओढू लागतो. आमच्या पिढीला घाटातले धबधबे इतके ओळखीचे आहेत, त्याचे निम्मे श्रेय या वाफेला द्यावे लागेल.

तापण्यावरून आठवले. या गाडीचा आणि तांबट आळीचा संबंध रेडिएटरमधून जुळतो. जुन्या घरांतला तांब्याचा बंब आठवून पाहा. त्यात मधोमध विस्तव आणि भोवती पाणी. रेडिएटर म्हणजे उलटा केलेला बंब. पाणी बारीक नळ्यांतून जाते आणि भोवतालचा वारा त्याची उष्णता घेऊन जातो. धातूही तेच. तांबे आणि पितळ, आणि सांध्यांना कथलाचा डाग. पेठेतल्या पाण्याचे क्षार नळ्यांत साचत गेले की पाणी फिरेनासे होते आणि इंजिनाचे डोके तापते. हे डोके अॅल्युमिनियमचे. फार तापले तर ते वाकते आणि खर्च हजारांत जातो. म्हणून वेळीच रेडिएटर उतरवायचा, वरच्या टाकीचा डाग तापवून उघडायचा, एकेका नळीतून पातळ पट्टी फिरवून साका काढायचा आणि पुन्हा डाग लावायचा.

काही वर्षांपूर्वी या रेडिएटरची वरची टाकी चेपली होती. मिस्त्रींनी ती आळीतल्या एका वृद्ध तांबटाकडे नेली. आयुष्यभर घागरी आणि बंब ठोकलेल्या त्या माणसाने मोटारीचा भाग कधी हातात धरला नव्हता. त्याने टाकी उलटी-पालटी करून पाहिली, ती आचेवर मऊ केली आणि लाकडी मोगरीने आतून उठवली. तांबे ठोकत गेले की ते कडक होते. मठारलेल्या भांड्याला बळ येते ते त्यामुळेच. फार ठोकले तर मात्र फुटते, म्हणून मध्ये मध्ये तापवून त्याला पुन्हा मऊ करावे लागते. किती ठोकायचे आणि कधी थांबायचे, हे त्या हाताला ठाऊक होते. मिस्त्री मडगार्डचा पोलादी पत्रा सरळ करतात तेव्हा त्यांनाही हेच सांभाळावे लागते. जास्त ठोकला की पत्रा ताणतो आणि फुगा धरतो. म्हणजे एकाचे तांबे, दुसऱ्याचे पोलाद, पण विद्या सख्खी बहीण.

आजच्या मोटारींत रेडिएटर अॅल्युमिनियमचा आणि त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. तो हलका असतो, स्वस्तात बनतो आणि कामही चांगले करतो. पण फुटला की त्याला डाग लागत नाही. तो टाकायचा आणि नवा आणायचा. यात कुणाची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. वस्तू उघडण्यासाठी बनवलेली नसली की ती उघडणारा हातही तयार होत नाही, एवढेच.

सुट्या भागांसाठी सरांचे आणि मिस्त्रींचे दोन तीर्थप्रवास ठरलेले. एक नाना पेठेचा, जिथे मोटारीच्या भागांची दुकाने ओळीने आहेत. पॉइंट, पट्टे, ब्रेकची रबरे अजून मिळतात. दुसरा प्रवास जुन्या बाजाराचा. कुंभार वेशीजवळ बुधवारी आणि रविवारी भरत आलेल्या या बाजारात कुलपापासून घड्याळापर्यंत काहीही रस्त्यावर मांडलेले असते. दाराच्या मुठी, काचा वरखाली करण्याच्या किल्ल्या, दिव्यांची चकचकीत कडी हे दुकानांतून नाहीसे झालेले भाग तिथे अवचित सापडतात. मिस्त्रींचा नियम असा की, आपला मोडका भाग नमुना म्हणून खिशात घेतल्याशिवाय जायचे नाही. नुसत्या आठवणीवर आणलेला भाग एक सुताने चुकतो. आणि आपला जुना भाग कधीही टाकायचा नाही. नवा मिळाला नाही तर त्याच्यावरच काम करता येते. सरांच्या माळ्यावर दोन ट्रंका अशा भागांनी भरल्या आहेत. त्यांतल्या एकीत पूर्वी वहिनींचा रुखवत होता, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगतात.

गाडीचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. पाणी दाराच्या तळाशी साचते, तिथली बारीक भोके मातीने बुजली की पत्रा आतून सडतो. भोके काडीने मोकळी ठेवली तर दहा वर्षे वाढतात. पायांखालचे गालिचे ओले राहू द्यायचे नाहीत. पाण्याचे भय या पेठेला वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा मुठेचे पाणी इथल्या नदीकाठच्या आळ्यांत शिरले होते. आणखी एक संकट वर्षातून दहा दिवसांचे, पण ते गोड. गणेशोत्सवात आळ्यांत मांडव पडतात, कसबा गणपती तर विसर्जनाच्या मिरवणुकीत मानाचा पहिला, तेव्हा गाडी बाहेर काढण्याची बातच नको. सर चतुर्थीच्या आदल्या दिवशी बॅटरीची तार सोडून ठेवतात आणि अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी पुन्हा जोडतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती नवी करावी लागते. सरांनी २०००, २००५, २०१०, २०१५ आणि २०२० अशी पाच वेळा केली. २०२५ मध्ये सहावी वेळ आली. पूर्वी या कामाची फी सहाशे रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. शिवाय पेट्रोलच बदलले आहे. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी धरते, त्यामुळे टाकी आतून गंजते, आणि जुन्या तऱ्हेची रबरे त्याने फुगतात किंवा भेगाळतात. मिस्त्रींनी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या जातीच्या रबराचा बसवला, आणि पेट्रोल महिनोन् महिने टाकीत पडू द्यायचे नाही असे बजावले.

बाणेरच्या मुलाचे म्हणणे सरळ होते. “बाबा, तिला सीटबेल्टचा धड पत्ता नाही, धूर आजच्या गाडीपेक्षा जास्त, वर दहा हजार भरायचे. एक हौशी गृहस्थ घ्यायला तयार आहेत. चांगल्या घरी जाईल.”

यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि सरांनीही ते खोटे म्हटले नाही. ते मोठ्या रस्त्याने गाडी नेत नाहीत. धुराची तपासणी चुकवत नाहीत. महिन्यातून चार-पाच वेळा जवळपास जाणे, एवढाच तिचा वापर ठेवला आहे. तरी विकायची की ठेवायची, याचा निर्णय त्यांनी मिस्त्रींवर सोपवला. मला वाटले, मिस्त्री ‘ठेवा’ म्हणतील. त्यांचे काम आहे ते. पण मिस्त्री म्हणाले,

“सर, गाडी आणखी पाच वर्षं जाईल. पत्रा चांगला आहे, इंजिनात दम आहे. माझी खात्री मी देत नाही. माझा मुलगा सर्व्हिस सेंटरला लागला. तिथं कॉम्प्युटर लावून दोष बघतात. हुशार आहे, पण त्यानं पॉइंट कधी लावला नाही, आणि त्याला सवडही नाही. उद्या मी नसलो तर तुम्ही ही घेऊन जाणार कुणाकडे? नाना पेठेत भाग मिळेल, बसवणारा मिळणार नाही. घरातलं कुणी शिकत असेल तर ठेवा. नाहीतर आत्ताच चांगल्या घरी द्या. चौकात सडताना मला बघवायची नाही.”

चौकात थोडा वेळ कुणी बोलले नाही. आळीतल्या तांबटांकडेही हेच झाले आहे. स्टेनलेस स्टील आले, गॅसचे गिझर आले, बंब गेले. मुले दुसऱ्या नोकऱ्यांना लागली, आणि त्यांनी तसे करू नये असे कुणाच्या तोंडून निघणार? पलीकडच्या कुंभारवाड्यातले पुष्कळ कुंभार मुंढव्याकडे केशवनगरात गेले. आळीचे नाव राहते, पाटीही राहते. जुनी मोटार मरते ती बहुधा अशीच. एखादा दोष निघतो, दोष साधाच असतो, पण तो ओळखणारा माणूस आळीत उरलेला नसतो.

मिस्त्रींच्या त्या अटीला उत्तर दिले सरांच्या नातीने. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी आजोबांकडे असते. “मिस्त्रीकाका, मी शिकते,” ती म्हणाली. “पण मला नुसतं धरायला पाना देऊ नका. मी करीन, तुम्ही बघा.” मिस्त्रींनी तिला वरून खालपर्यंत पाहिले आणि पॉलिश पेपरचा तुकडा तिच्या हाती दिला. त्या दिवशी तिने लावलेली पॉइंटची फट तीनदा चुकली. चौथ्यांदा गाडी सुरू झाली आणि आचके न देता चालत राहिली. मिस्त्रींनी शाबासकी दिली नाही. ते म्हणाले, “पुढच्या रविवारी टॅपेट.” सरांनी दहा हजार भरले. तपासणीत गाडी उतरली. आता नोंदणी २०३० पर्यंत आहे.

पाच वर्षे म्हणजे सुमारे अडीचशे रविवार. तेवढ्यात एका मुलीच्या हाती मिस्त्रींची सगळी विद्या येईल असे नाही. रेडिएटर उघडणे, पत्रा उठवणे या गोष्टींना आयुष्य लागते. पण आवाज ओळखणे, फट लावणे, ब्रेक पाहणे एवढे येईल, आणि घरची गाडी चालती ठेवायला ते पुरे आहे. तिने एक वहीही घातली आहे. कोणता भाग कधी बदलला, कुठून आणला, कोणता आवाज कशाचा, हे ती मिस्त्रींच्याच शब्दांत लिहून ठेवते.

वाचकहो, तुमच्याही वाड्यात, बंगल्याच्या मागे किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हराखाली अशी एखादी फियाट किंवा जुनी मारुती असेल. ठेवायची की द्यायची, हे तुमचे तुम्ही ठरवा. द्यायची असेल तर चालती आहे तोवर द्या. ठेवायची असेल तर आधी तिच्या मिस्त्रीची चौकशी करा. या दिवाळीत त्यांना सहकुटुंब फराळाला बोलवा. चकली-चिवडा झाल्यावर बॉनेट उघडायला सांगा, आणि घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला वही घेऊन शेजारी उभे करा. हात काळे होतील. फराळाच्या आधी साबणाने धुवायचे, एवढी एकच अट वहिनींनी घातली आहे. ती तुमच्याही घरी लागू समजा.